व्हीलचेअर वापरणाऱ्यांचा स्थानिक आधारगट कसा उभारावा

रुग्णालयातून घरी सोडताना माणसाच्या हातात औषधांची यादी, व्यायामाचा तक्ता आणि पुढच्या तपासणीची तारीख दिली जाते. अरुंद दाराच्या न्हाणीघरात व्हीलचेअरवरून शिरायचे कसे, दिवसभर कामावर असताना लघवीची पिशवी रिकामी कुठे करायची, न विचारता खुर्ची ढकलू लागणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवायचे कसे, या प्रश्नांची उत्तरे त्या कागदांत नसतात. ती असतात गेली कित्येक वर्षे व्हीलचेअर वापरत असलेल्या एखाद्या माणसापाशी, आणि तो बहुधा चार रस्ते पलीकडे राहत असूनही या दोघांची कधी गाठ पडत नाही. ही गाठ ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी आणि पुन:पुन्हा पडावी यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे आधारगट.

असा गट सुरू करणे फारसे अवघड नाही. तो दुसऱ्या वर्षात नेणे अवघड आहे. नाव, बोधचिन्ह, उद्घाटनाचे पाहुणे यांवर सुरुवातीचा उत्साह खर्च होतो आणि ज्या दोन गोष्टींवर गटाचे आयुष्य अवलंबून असते त्या मागे पडतात. सभासदाला घरापासून बैठकीच्या खोलीपर्यंत आणि परत, सन्मानाने व परवडेल अशा रीतीने जाता येते का, ही पहिली गोष्ट. गटाचे निर्णय व्हीलचेअर वापरणारे स्वतः घेतात की त्यांच्या वतीने दुसरे कोणी घेते, ही दुसरी. पुढील सर्व पायऱ्या या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिल्या आहेत.

या विचाराला मोठी परंपरा आहे. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात १९७० मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी एक सेवा सुरू केली. तिथे मदतनिसांची नावे मिळत, बिघडलेली व्हीलचेअर दुरुस्त करून मिळे आणि त्याच वाटेने गेलेल्या माणसाशी बोलताही येत असे. लहानपणी पोलिओ झालेले आणि श्वासासाठी यंत्राचा आधार घेणारे एड रॉबर्ट्स व त्यांचे सहकारी यांच्या याच चळवळीतून १९७२ मध्ये तेथे स्वतंत्र जीवन केंद्र, म्हणजे दिव्यांगांनीच दिव्यांगांसाठी चालवलेले मदतकेंद्र, उभे राहिले. अशा केंद्रांच्या कार्यकारी मंडळात बहुसंख्य सभासद दिव्यांगच असावेत, ही अट पुढे अमेरिकेच्या कायद्यातही आली. नव्या गटाने यातून घेण्यासारखे बरेच आहे: मन मोकळे करण्याची जागा आणि पंक्चर काढण्याची जागा एकच असली, तर लोक दोन्हींसाठी येतात.

पहिली पायरी: तिघे-चौघे आणि एक वाक्य

सुरुवातीला तीन-चार माणसे पुरेत, पण त्यांपैकी किमान दोघे रोज व्हीलचेअर वापरणारे असावेत. एकटाच असेल तर त्याच्या पहिल्या आजारपणात गट बंद पडतो, आणि त्वचेची जखम, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा खुर्चीचा बिघाड यांमुळे काही आठवडे घरी अडकून पडणे या वर्गात मुळीच दुर्मीळ नसते. फिजिओथेरपिस्ट, सामाजिक कार्यकर्ते किंवा घरची माणसे यांची मदत अवश्य घ्यावी. मात्र ती मदतच राहावी, सूत्रसंचालन होऊ नये.

या मंडळींनी पहिल्या भेटीत गट कशासाठी आहे हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘दिव्यांगांचा सर्वांगीण विकास’ अशा वाक्याने काहीच ठरत नाही. ‘या परिसरातील व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रौढांनी महिन्यातून एकदा भेटून एकमेकांचे अनुभव व व्यवहारातली माहिती वाटून घेणे’ या वाक्यातून कोण, कुठे, किती वेळा आणि कशासाठी या चारही प्रश्नांची उत्तरे मिळतात. गट काय करणार नाही, हेही तेव्हाच लिहून ठेवलेले बरे. तो उपचार करणार नाही, औषधे सुचवणार नाही, कोणाच्या वस्तू विकणार नाही.

एक प्रश्न मात्र घाईने सोडवू नये. व्हीलचेअर एकच असली तरी तिच्यावर बसणाऱ्यांच्या गरजा एक नसतात. मणक्याला दुखापत झालेल्याच्या कमरेखालची संवेदना गेलेली असू शकते, म्हणून त्याला बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या त्वचेच्या जखमेची, कायम चिंता असते. पोलिओमध्ये स्नायू दुर्बल होतात, पण स्पर्श कळतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू क्षीण करणारा आणि वाढत जाणारा आजार असल्यामुळे ‘जिद्द धरली की सगळे जमते’ अशा धर्तीच्या गप्पा त्या सभासदाला बोचतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे लहानपणापासून हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या माणसाचे बोलणे समजायला वेळ लागू शकतो आणि तेवढा वेळ सर्वांनी द्यावा लागतो. शिवाय वार्धक्यामुळे किंवा पाय गमावल्यामुळे खुर्चीवर आलेले लोक असतात आणि थोडे चालू शकणारे, पण अंतर जास्त असले की खुर्ची घेणारेही असतात. या शेवटच्या वर्गाला ‘तुम्ही तर उभे राहू शकता’ असे कोणी ऐकवले की तो पुन्हा येत नाही. लहान गावात किंवा उपनगरात सर्वांचा मिळून एकच गट करणे व्यवहार्य ठरते. तसे करताना हा फरक पहिल्या दिवसापासून बोलून दाखवावा.

दुसरी पायरी: माणसे शोधणे

ज्यांना गटाची सर्वांत जास्त गरज आहे ती माणसे बाहेर दिसत नाहीत, कारण ती बाहेर पडूच शकत नाहीत. म्हणून नुसते फलक लावून भागत नाही. फिजिओथेरपी विभाग, पुनर्वसन केंद्रे, कृत्रिम अवयव बनवणाऱ्या कार्यशाळा, वैद्यकीय साहित्याची दुकाने आणि विशेषतः व्हीलचेअर दुरुस्त करणारे कारागीर यांच्यापर्यंत पोचावे. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला परिसरातली प्रत्येक खुर्ची आणि तिच्यावर बसणारा माणूस ठाऊक असतो. माझ्या मते या शोधमोहिमेत त्याच्याइतका उपयोगी दुसरा कोणी नाही.

रुग्णालयाकडे रुग्णांची नावे व फोन क्रमांक मागू नयेत. ती माहिती खाजगी असते आणि देणाऱ्याने ती दिली तरी आपण घेऊ नये. आपली छोटी पत्रिका त्यांच्याकडे द्यावी आणि ज्याला हवे तो स्वतः फोन करील अशी व्यवस्था ठेवावी. पत्रिकेत गटाचा उद्देश, बैठकीची जागा, दारापाशी पायरी आहे की नाही, वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे की नाही आणि संपर्काचा क्रमांक एवढा मजकूर पुरे. पायरी आणि स्वच्छतागृह यांचा उल्लेख छोटा वाटतो. परंतु व्हीलचेअर वापरणारा माणूस पत्रिकेवर सर्वांत आधी तेच शोधतो आणि ते नसेल तर कागद बाजूला ठेवतो.

फोन करणाऱ्याशी शांतपणे बोलावे आणि मोजक्या गोष्टी विचारून घ्याव्यात: खुर्ची हाताने चालवायची आहे की बॅटरीवरची, येण्याजाण्याची सोय काय, सलग किती वेळ बसता येते, मदतनीस सोबत येणार का, ऐकण्या-बोलण्यासाठी काही सोय लागेल का. आजाराचे नाव विचारू नये. ज्याला सांगायचे असते तो आपणहून सांगतो.

तिसरी पायरी: जागा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण चुकीची जागा एकदा ठरली की बाकीची मेहनत वाया जाते. जागा पाहायला जाताना व्हीलचेअर वापरणाऱ्याने स्वतः जावे, खिशात मोजपट्टी असावी आणि फोनवरून मिळालेल्या ‘सगळी सोय आहे, फक्त एकच पायरी आहे’ या आश्वासनावर विसंबू नये. ती एकच पायरी पंधरा सेंटिमीटर उंच असेल आणि उताराचे प्रमाण सर्वसाधारणपणे मान्य असलेले एकास बारा (एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी) धरले, तर तिच्यासाठी १.८ मीटर लांब रॅम्प लागतो. दोन पायऱ्या असतील तर ३.६ मीटर. एवढी जागा दारापुढे नसते, म्हणून कोणीतरी आखूड फळी टाकतो आणि तिचा चढ इतका उभा होतो की हाताने खुर्ची चालवणारा मागे उलटण्याची भीती असते. चार जणांनी मिळून खुर्ची उचलून आत नेणे हा उपाय समजू नये. उचलणाऱ्यांच्या पाठीला ते धोक्याचे असते, बसलेल्याला अपमानास्पद वाटते, आणि बॅटरीवरच्या खुर्चीचे वजन माणसासह दोनशे किलोच्या घरात जाऊ शकते.

दाराची मोकळी रुंदी, म्हणजे दार उघडल्यावर चौकट आणि दाराचे पान यांच्यामध्ये प्रत्यक्ष उरणारी जागा, किमान ८० ते ८५ सेंटिमीटर हवी. खुर्ची जागच्या जागी वळवण्यासाठी सुमारे दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. टेबल वापरणार असाल तर त्याच्याखाली गुडघ्यांसाठी सुमारे ७० सेंटिमीटर उंचीची मोकळी जागा असावी, नाहीतर सगळे टेबलापासून हातभर दूर बसतात आणि लिहिता येत नाही.

खोलीच्या आकाराचा अंदाज नेहमी चुकतो, म्हणून तो हिशेबाने काढावा. बारा व्हीलचेअर गोलाकार बसवायच्या आहेत असे समजू. प्रत्येकीला रुंदीत सुमारे एक मीटर दिले तर आतल्या वर्तुळाचा परीघ बारा मीटर, म्हणजे व्यास चार मीटरच्या थोडा आत येतो. दोन्ही बाजूंना खुर्चीची लांबी प्रत्येकी १.२ मीटर आणि तिच्या पाठीमागून दुसऱ्याला जाता यावे म्हणून प्रत्येकी ०.९ मीटर मिळवले की एकूण आठ मीटर होतात. म्हणजे बारा जणांसाठी साधारण आठ मीटर लांब व तितकीच रुंद मोकळी खोली हवी. साध्या खुर्च्या मांडल्या तर अशा खोलीत पन्नास माणसे सहज मावतात. सभागृहाचा व्यवस्थापक म्हणूनच आपल्याला लहान खोली देऊ पाहतो. पाठीमागची वाट सोडायची नाही, कारण कोणाला मध्येच स्वच्छतागृहात जायचे असेल तर चार जणांना सरकायला लावण्यापेक्षा तो माणूस त्रास सोसत बसून राहतो.

स्वच्छतागृह आत जाऊन, दार लावून पाहावे. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत उघडणारे दार खुर्ची आत गेल्यावर लावताच येत नाही. कमोडच्या शेजारी खुर्ची लावता येईल अशी जागा, भिंतीला घट्ट बसवलेला आडवा दांडा, हाताला येईल असा नळ आणि कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) ठेवायला छोटा कोरडा कट्टा एवढे तरी हवे. ‘दिव्यांगांसाठी’ अशी पाटी असलेल्या दाराआड झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असण्याचा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की पाटीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी फोन करून ती जागा मोकळी करून घ्यावी. सोय नसेल तिथे सभासद सकाळपासून पाणी पिणे टाळतात, आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका असलेल्यांना ते घातक ठरते.

जमेल तर तळमजलाच घ्यावा. लिफ्टमध्ये एका वेळी एकच व्हीलचेअर मावत असेल तर बैठक संपल्यावर बारा जणांना खाली यायला अर्धा तास लागतो आणि बाहेर वाहने ताटकळतात. आग लागल्यास लिफ्ट वापरायची नसते, हे तर त्याहून गंभीर. बॅटरीवरच्या खुर्च्यांसाठी भिंतीलगत विजेचे दोन-तीन सॉकेट, कुठेही उखडून वर न आलेली सपाट फरशी आणि वाहनातून उतरायला दारापाशी मोकळी जागा पाहून घेतली की ही पायरी पूर्ण झाली.

चौथी पायरी: वेळ आणि येणे-जाणे

सकाळी लवकरची वेळ ठेवू नये. मणक्याच्या दुखापतीनंतर शौचाचा नेमलेला कार्यक्रम, स्नान आणि कपडे यांत दोन-तीन तास सहज जातात आणि मदतनीस येईल तेव्हाच ते सुरू होतात. मणक्याची दुखापत वरच्या भागात असेल तर शरीराला घाम येऊन तापमान आवरता येत नाही, म्हणून कडक उन्हाची वेळही नको. सकाळ सरतानाची किंवा ऊन उतरल्यानंतरची वेळ बहुतेकांना सोयीची पडते. बैठक दीड तासाची, फार तर दोन तासांची असावी आणि दिवस कायमचा एकच ठरवावा, उदाहरणार्थ महिन्याचा दुसरा शनिवार. दर वेळी सर्वांना विचारून दिवस ठरवणे लोकशाहीला धरून वाटले तरी त्याने उपस्थिती घटते, कारण वाहन आणि मदतनीस यांची जुळणी आधीपासून करावी लागते.

प्रवासाचा खर्च हाच बहुतेकांचा खरा अडसर असतो. एकाच दिशेने येणाऱ्यांची यादी करून वाहन वाटून घेता येईल का ते पाहावे, आणि गटाकडे पहिले पैसे येतील तेव्हा ते खुर्च्या-बॅनरवर न घालता प्रवासासाठी राखून ठेवावेत. बसता येत नसल्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या सभासदासाठी व्हिडिओ कॉलची सोय प्रत्येक बैठकीत ठेवावी. बेडसोर झालेला माणूस महिनोन्‌महिने पालथा किंवा कुशीवर पडून असतो. बैठकीची गरज त्याला सर्वाधिक असते आणि येता न येणाराही तोच असतो. फोन वर्तुळातल्या एका खुर्चीच्या जागी, डोळ्यांच्या उंचीवर ठेवला म्हणजे त्याच्याकडे दुर्लक्ष होत नाही.

पाचवी पायरी: पहिली बैठक

सहा-सात जण आले तरी पहिली बैठक भरगच्च समजावी. पाहुणा, दीपप्रज्वलन, भाषण यांना फाटा द्यावा. खोलीतल्या साध्या खुर्च्या आधीच बाजूला काढून ठेवाव्यात आणि मदतनिसांसाठी व थोडे चालू शकणाऱ्यांसाठी चार-पाच वर्तुळातच ठेवाव्यात. आलेल्या माणसाने दारात थांबून ‘माझी खुर्ची कुठे लावू’ असे विचारण्याची वेळ येऊ नये.

ओळख करून देताना नाव आणि अलीकडे अडलेली एखादी जागा, एवढेच विचारावे. ‘तुम्हाला काय झाले?’ या प्रश्नाने सुरुवात केली की बैठक अपघातांच्या कहाण्यांत अडकते. ‘अलीकडे कुठे अडलात?’ असे विचारले की कोणी बँकेच्या दारातला उंबरा सांगतो, कोणी नातेवाइकाच्या तिसऱ्या मजल्यावरचे घर सांगतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याने त्यावर काढलेला मार्ग लगेच पुढे येतो.

त्यानंतर गटाचे नियम वाचून दाखवावेत आणि त्यांवर चर्चा होऊ द्यावी. इथे बोललेले बाहेर जाणार नाही. विचारल्याशिवाय कोणाच्या खुर्चीला हात लावायचा नाही, तिला टेकायचे नाही, तिच्यावर पिशवी अडकवायची नाही, कारण वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती त्याच्या अंगाचाच भाग असते. ‘तुम्ही असे करा’ असे न म्हणता ‘मी असे केले’ असे म्हणायचे. प्रश्न सभासदाला विचारला असेल तर उत्तर सभासदच देईल, सोबत आलेला नाही. हा शेवटचा नियम पाळायला घरच्या माणसांना सर्वांत कठीण जातो. वर्षानुवर्षे त्यांनीच बोलण्याची सवय झालेली असते. सूत्रधाराने अशा वेळी नजर सभासदाकडेच ठेवून थोडे थांबावे, रागावण्याची गरज पडत नाही.

बैठकीच्या मध्यावर पाच मिनिटे थांबणे सक्तीचे करावे. ज्यांना संवेदना नाही त्यांनी साधारण दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला कलून बसण्याच्या हाडांवरचा दाब एक-दोन मिनिटे हलका करावा असे सांगितले जाते, पण गप्पांत ते विसरते. एकाने उघडपणे केले की बाकीचे संकोच सोडून करतात. शेवटी पुढच्या बैठकीची तारीख सर्वांसमोर जाहीर करूनच उठावे.

सहावी पायरी: बैठकींना विषय देणे

दोन-तीन बैठकींनंतर केवळ अनुभवकथनावर गट चालत नाही. लोकांना घरी नेण्यासारखे काहीतरी मिळावे लागते. सुरुवातीला सर्वांत उपयोगी पडते ते खुर्चीच्या देखभालीचे सत्र. त्यासाठी हवा भरण्याचा पंप, पाने, पेचकस, चिमटा आणि जुने फडके एवढे सामान पुरते. टायरवर बाजूला छापलेला हवेचा दाब वाचून दाखवावा आणि हवा कमी असली की काय होते ते समजावून सांगावे. चाक जड जाते हे सर्वांना माहीत असते. पण बहुतेक खुर्च्यांचा ब्रेक टायरवरच दाबून बसतो, त्यामुळे टायर मऊ पडला की ब्रेक लावूनही चाक फिरते आणि पलंगावर सरकत असताना खुर्ची मागे जाऊन माणूस पडतो, हे पुष्कळांच्या लक्षात आलेले नसते. मग पुढची छोटी चाके पाहावीत. त्यांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळून घट्ट बसलेले असतात. चिमट्याने ते ओढून काढले की आतापर्यंत एका बाजूला ओढणारी खुर्ची सरळ जाऊ लागते. हवेच्या कुशनमध्ये हवा योग्य आहे का हे पाहण्यासाठी माणूस बसलेला असताना बसण्याच्या हाडाखाली हात सरकवावा. हाड आणि कुशनचा तळ यांच्यामध्ये बोटाच्या जाडीएवढे अंतर उरले पाहिजे. ही तपासणी प्रत्येकाने स्वतः किंवा आपल्या माणसाकडूनच आणि आडोशाला करावी.

दुसरे अत्यावश्यक सत्र आणीबाणीचे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर दुखापत झालेल्यांचा रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. ठणकणारी डोकेदुखी, चेहरा लाल होणे, दुखापतीच्या वरच्या भागात घाम सुटणे ही त्याची लक्षणे होत, आणि तुंबलेले मूत्राशय, पिळा पडलेली कॅथेटरची नळी, बद्धकोष्ठता, घट्ट पट्टा किंवा त्वचेवरची जखम यांपैकी काहीतरी त्याच्या मुळाशी असते. माणसाला आडवे करू नये. ताठ बसवावे, पट्टे व कपडे सैल करावेत, नळी आणि पिशवी तपासावी आणि लगेच आराम पडला नाही तर वैद्यकीय मदत बोलवावी. चक्कर आलेल्या माणसाला झोपवण्याची सर्वांना सवय असते, म्हणून हे मदतनिसांच्या उपस्थितीत आणि एकापेक्षा अधिक वेळा सांगावे. हे सत्र जाणकार डॉक्टर किंवा परिचारिका यांच्याकडून घ्यावे.

रस्त्याकडेची पायरी चढणे, पुढची चाके उचलून तोल धरणे अशी कौशल्ये शिकवायची असतील तर पाठीमागे धरायला प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय प्रयोग करू नयेत. नोकरी, घरातले बदल, गाडी चालवणे, लैंगिक जीवन, मुले वाढवणे, झोप न लागणे हे विषय हळूहळू सभासदांकडूनच येतात. लैंगिक जीवनाचा विषय पहिल्या वर्षी कोणी काढला नाही तर तो नको आहे असे समजू नये; स्त्रिया व पुरुष यांची स्वतंत्र सत्रे ठेवली की प्रश्न निघतात.

सातवी पायरी: घरची माणसे आणि मदतनीस

यांना बाहेर थांबवले तर सभासद मोकळेपणी बोलतो, पण काहींना पाणी पिण्यासाठीही त्यांची गरज असते. यावर सोपा तोडगा म्हणजे बैठकीचा एक भाग सर्वांचा आणि एक भाग फक्त व्हीलचेअर वापरणाऱ्यांचा ठेवणे. त्या वेळात घरची माणसे शेजारच्या खोलीत आपापसांत बोलू शकतात. रात्री दोनदा उठून कूस बदलून देणाऱ्या पत्नीला किंवा आईला स्वतःच्या थकव्याबद्दल बोलायला दुसरी जागा नसते, आणि ते बोलणे सभासदाच्या समोर व्हावे हे कोणाच्याच हिताचे नाही.

आठवी पायरी: अवघड प्रसंग

आज ना उद्या कोणीतरी ‘जगण्यात अर्थ नाही’ असे म्हणेल. तेव्हा विषय बदलू नये आणि प्रेरणादायी गोष्टीही सांगू नयेत. बैठकीनंतर एका जबाबदार सभासदाने त्याच्याजवळ थांबून, जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारावे; विचारल्याने तसे विचार मनात भरत नाहीत. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि मानसोपचारतज्ज्ञ, तातडीची मदतसेवा व त्याच्या विश्वासातले माणूस यांच्याशी त्याच दिवशी संपर्क साधून द्यावा. त्यासाठीचे क्रमांक पहिल्या बैठकीआधीच लिहून ठेवलेले असावेत. गोपनीयतेच्या नियमाला जिवाला धोका हा अपवाद आहे, असेही नियमांत आधीच लिहावे. घरात मारहाण किंवा उपेक्षा होत असल्याचे कळले तरी हाच क्रम. मात्र सभासदाला न विचारता परस्पर घरच्यांना जाब विचारायला जाऊ नये, कारण बैठक संपल्यावर त्याला त्याच घरात परत जायचे असते.

दुसरा प्रसंग विक्रेत्यांचा. गट थोडा नावारूपाला आला की मणक्याची दुखापत हमखास बरी करून देणारे, स्टेम सेल उपचारांची महागडी पॅकेजे सुचवणारे आणि जादूची गादी विकणारे येतात. त्यांना बैठकीत बोलू न देण्याचा नियम अपवादाशिवाय पाळावा. सभासदाने स्वतः वापरलेल्या वस्तूचा बरावाईट अनुभव सांगणे वेगळे.

नववी पायरी: पैसा, देणग्या आणि व्हीलचेअर वाटप

पहिले सहा महिने नोंदणी, घटना आणि पदाधिकारी यांच्या मागे लागू नये. एक वही, तीत जमाखर्च, दोघांच्या सह्या आणि दर बैठकीत दोन मिनिटांत वाचून दाखवलेला हिशेब एवढ्यावर छोटा गट छान चालतो. बँक खाते, अनुदान किंवा मोठी देणगी यांची वेळ आली की आपल्या भागातील कायद्यानुसार नोंदणी करावी.

देणगीदार आला की तो बहुधा व्हीलचेअर वाटपाचा कार्यक्रम सुचवतो. इथे गटाने ठाम राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्हीलचेअर देण्याचे आठ टप्पे सांगितले आहेत. नोंद व भेटीची वेळ, तपासणी, योग्य खुर्चीची निवड, निधी व मागणी, खुर्ची तयार करणे, ती अंगाला नीट बसते का हे पाहणे, वापरणाऱ्याचे प्रशिक्षण, आणि शेवटी देखभाल, दुरुस्ती व पाठपुरावा. मंडपात एकाच मापाच्या पन्नास खुर्च्या वाटल्या की यांतले जवळपास सर्व टप्पे गळतात. फार रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलून बसतो आणि त्याचा कणा वाकतो. कुशन नसलेल्या ताणलेल्या कापडावर काही तासांतच त्वचा लाल पडते. त्याऐवजी देणगीदाराला कुशन, ट्यूब, टायर, ब्रेक यांचा साठा आणि वर्षभराच्या दुरुस्तीचा खर्च सुचवावा. छायाचित्रात ते कमी उठून दिसते हे खरे. छायाचित्रांबाबतही प्रत्येकाची वेगळी संमती घ्यावी आणि देणगीच्या बदल्यात कोणाच्या चेहऱ्याचा सौदा करू नये.

दहावी पायरी: परिसराकडे वळणे

गटाची घडी बसल्यावर, साधारण वर्षभराने, पोस्ट, बँक, दवाखाना, वाचनालय अशा सार्वजनिक जागांची पाहणी हाती घेता येते. त्याआधी केली तर आंदोलनाची धग गटाला खाऊन टाकते आणि नुकताच घराबाहेर पडू लागलेला सभासद दचकून मागे सरतो. पाहणीत तक्रारीच्या सुराऐवजी मापे असावीत: दाराची रुंदी ६८ सेंटिमीटर, रॅम्पचा चढ एकास सहा, स्वच्छतागृहाचे दार आत उघडणारे, सोबत छायाचित्र आणि सुचवलेला बदल. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचे नववे कलम सुगम्यतेबद्दल, एकोणिसावे समाजात स्वतंत्रपणे राहण्याबद्दल आणि विसावे वैयक्तिक हालचालीबद्दल आहे. ज्या देशांनी तो मान्य केला आहे तिथे पत्रात या कलमांचा उल्लेख केल्याने मागणीला वजन येते. पत्र घेऊन जाताना एकट्याने न जाता तिघांनी जावे. तीन खुर्च्या दारात अडकलेल्या पाहिल्या की मोजमापांचा तक्ता समजावून सांगायची फारशी गरज उरत नाही.

गट टिकवण्यासाठी

सूत्रधार दर सहा महिन्यांनी बदलावा आणि नव्या सूत्रधाराने आधीच्या दोन बैठकी जुन्याच्या शेजारी बसून चालवाव्यात. संपर्कयादी, जागेच्या व्यवस्थापकाचा क्रमांक, किल्ली कोणाकडे असते आणि हिशेबाची वही हे सर्व एका फाइलमध्ये असावे, एकाच माणसाच्या फोनमध्ये नव्हे. सलग दोन बैठकींना न आलेल्या सभासदाला दुसऱ्या सभासदाने फोन करावा. ‘का आला नाहीत?’ या प्रश्नाने माणूस बचाव करू लागतो. ‘खुर्ची ठीक आहे ना, तब्येत कशी आहे?’ असे विचारले की खरे कारण कळते, आणि ते बऱ्याचदा तुटलेला फुटरेस्ट किंवा सोडून गेलेला मदतनीस एवढेच असते, ज्यावर गटाला काहीतरी करता येते.

उपस्थिती पंधरा खुर्च्यांच्या पुढे गेली की एका वर्तुळात प्रत्येकाला बोलायला वेळ मिळत नाही आणि खोलीही पुरत नाही. तेव्हा मोठे सभागृह शोधण्याऐवजी राहण्याच्या भागानुसार दोन गट करावेत. जुने सभासद दोन्हीकडे निम्मे-निम्मे वाटून घ्यावेत, देखभालीची अवजारे सामाईक ठेवावीत आणि तीन महिन्यांतून एकदा दोन्ही गटांनी एकत्र बसावे. नव्या गटाची जागा ठरवताना पुन्हा मोजपट्टी घेऊन तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करावी.